प्रोग्रामिंगचा प्रश्न टाकला की कुणी उत्तर का देत नाही?

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. गडहिंग्लजकडचा मुलगा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मिनी-प्रोजेक्ट म्हणून गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काढतोय. मध्येच अडला, म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलं. तासाभरात दोन डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि प्रश्न बंद झाला. डिस्कॉर्ड या चॅटच्या ॲपवर कुणी बोललं नाही. टेलिग्रामच्या ग्रुपवर एकानं ‘गूगल कर’ एवढंच लिहिलं. आता तो विचारतोय: मी मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजी कच्चं आहे, म्हणून असं होतंय का? आणि नवख्यानं विचारायचं तरी कसं? तिथं टाकलेला प्रश्न त्यानं इथं जसाच्या तसा दिलाय, त्यामुळं नेमकं बोलता येईल.

मी कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगची सॉफ्टवेअर लिहिते. फावल्या वेळात पायथनच्या प्रश्नांना उत्तरं देते, आणि खरं सांगायचं तर उत्तर देते त्याच्या कितीतरी पट प्रश्न नुसते वाचून पुढं जाते. पुढं का जाते, तेच तुला सांगण्यासारखं आहे. (‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलंयस. इथं सर नाही, ताई आहे. मीही तुला अरेतुरेच करते.)

आधी इंग्रजीचं बघू. स्टॅक ओव्हरफ्लोच्या मुख्य साइटवर प्रश्न इंग्रजीतच लागतो, हे खरं. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी यांच्या वेगळ्या साइट आहेत, मराठीची नाही. पण मोडकंतोडकं इंग्रजी तिथं जगभरातून रोज येतं. वाक्य चुकलं तर वाचणारा कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि लोक खरोखर तसं करतात. जी माहिती तू दिलीच नाहीस, ती मात्र दुसरा कुणी भरू शकत नाही. तुझं अडलं ते तिथं.

तुझा प्रश्न मराठीत सांगायचा तर असा होता. मथळा: ‘पायथनमध्ये ट्राय-एक्सेप्टनं कीएरर कसा टाळायचा? अर्जंट’. (ट्राय-एक्सेप्ट म्हणजे एरर आला तरी प्रोग्रॅम न थांबता पुढं जावा यासाठीची पायथनमधली सोय.) खाली: ‘रिस्पेक्टेड सर, माझा प्रोग्रॅम चालत नाही. सगळं बरोबर आहे तरी एरर येतो. उद्या सबमिशन आहे. प्लीज हेल्प.’ त्याखाली मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो, ट्यूबलाइटच्या चमकेसकट.

आता उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून हे वाच. फोटोत सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, वाचणारा कोड दिसतो. त्यात ‘सभासद’ हा कॉलम मागितलाय, आणि शेवटी कीएरर: ‘सभासद’. म्हणजे पायथनच्या मते या नावाचा कॉलमच नाही. शेजारच्या खिडकीत फाइल उघडी आहे, तिच्यात पहिलाच कॉलम ‘सभासद’. दोन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर सारखं. मग चूक कुठं आहे? फोटो कितीही मोठा करून बघितला तरी सापडायची नाही, कारण ती डोळ्यांना दिसणारी नाहीच.

इथं लिहिताना मात्र तू जाताजाता एक वाक्य टाकलंयस, जे तिथं नव्हतं: ‘डेटा संस्थेच्या सचिवांनी एक्सेलमध्ये दिला, मी तो सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला.’ माझ्या अंदाजानं सगळं उत्तर या वाक्यात आहे. यूटीएफ-८ हे एक एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत. एक्सेल त्या प्रकारात फाइल सेव्ह करताना अगदी सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह घालतं. त्याला बाइट ऑर्डर मार्क, थोडक्यात बॉम म्हणतात. पायथनमध्ये फाइल नुसती ‘यूटीएफ-८’ म्हणून उघडली की ते चिन्ह पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून येतं. तू ‘सभासद’ मागतोस आणि पायथनकडं आहे ‘बॉम अधिक सभासद’. एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहून बघ. त्यानं सुटलं नाही तर डिक्टरीडर (सीएसव्ही वाचणारं पायथनचं साधन) याच्या फील्डनेम्सची, म्हणजे कॉलमच्या नावांची, यादी प्रिंट कर. पहिल्या नावाआधी बॅकस्लॅश, यू आणि एफईएफएफ अशी अक्षरं आली तर अंदाज बरोबर. नाही आली तर कारण वेगळं आहे, कदाचित नावाच्या शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागा.

ही यादी प्रिंट करून तिचं आउटपुट मजकूर म्हणून तिथं चिकटवलं असतंस, तर माहीतगार माणसानं बघताक्षणी सांगितलं असतं. फोटोवर लोक चिडतात ते उगाच नाही. फोटोतला कोड कॉपी होत नाही, म्हणजे मला तो चालवून बघायचा तर आधी टाइप करत बसावं लागतं. फोटोतला मजकूर सर्चमध्ये नीट सापडत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी हाच एरर आलेल्या मुलाला तुझा प्रश्न मिळणार नाही. आणि अंध प्रोग्रामर स्क्रीन रीडरवर ऐकून काम करतात, त्यांना तर तो फोटो म्हणजे कोरा कागद.

मथळ्याचं दुखणं याहून मोठं आहे. तुला हवी होती सभासदवार लिटरची बेरीज. वाटेत कीएरर आला. तुला वाटलं ट्राय-एक्सेप्ट लावलं की भागेल, आणि तू विचारलंस फक्त ट्राय-एक्सेप्टबद्दल. समज, कुणी तुझ्या शब्दाला शब्द लावून उत्तर दिलं असतं. प्रत्येक ओळीला कीएरर येतोय, म्हणजे प्रत्येक ओळ गुपचूप वगळली गेली असती. प्रोग्रॅम तक्रार न करता शेवटपर्यंत चालला असता आणि सगळ्या गावाचं बिल शून्य आलं असतं. एरर गेला, त्याच्याबरोबर बिलही गेलं. जुन्या लोकांनी असले प्रश्न इतके बघितलेत की त्याला ‘एक्सवाय प्रॉब्लेम’ असं नावच पडलंय: खरी अडचण एक्स, विचारणारा बोलतो वायबद्दल. म्हणून मथळ्यात आपल्याला सुचलेला उपाय घालायचा नाही, दिसणारं लक्षण घालायचं. शेवटी काय करायचंय ते मजकुराच्या पहिल्या वाक्यात लिहायचं.

दुसरी तक्रार तू केलीस की, डिस्कॉर्डवर अख्खा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम टाकला तरी कुणी बघितला नाही. अख्खा टाकला म्हणूनच बघितला नाही. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवाल्याकडं जाणारा माणूस ट्रॅक्टर घेऊन जात नाही, तुटलेली पिन खिशात घालून जातो. तुझ्या दोनशे ओळींत टीकेइंटरनं (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायचं साधन) केलेली खिडकी आहे, बटणं आहेत, फॅट-एसएनएफवरून (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) दर काढायचं कोष्टक आहे. यातलं काहीही कीएररशी संबंधित नाही. एकेक भाग काढत जा आणि दरवेळी चालवून बघ. एरर टिकला तर काढलेला भाग निर्दोष. शेवटी राहतील पाच-सहा ओळी: फाइल उघडणं, वाचणं, एक कॉलम छापणं.

डेटाही असाच कापायचा. तीन ओळींची छोटी फाइल तू हातानं टाइप केली असतीस तर गंमत झाली असती, एरर गायबच झाला असता! साध्या एडिटरमध्ये टाइप केलेल्या फाइलला सहसा बॉम नसतो. एक्सेलची फाइल अडते आणि तीच हातानं लिहिली की चालते, हे कळल्यावर कोड बघायची गरजच उरत नाही, संशय सरळ फाइलवर जातो. कापाकापी करायला सांगतात त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो तो वाचतोच, पण माझे स्वतःचे निम्मे प्रश्न लिहिता लिहिताच सुटतात आणि टाकायची वेळ येत नाही.

मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘एक्सेलमधून सेव्ह केलेल्या सीएसव्हीच्या पहिल्याच कॉलमला कीएरर येतो, हातानं टाइप केलेल्या फाइलला येत नाही. दूध संकलनाच्या फाइलमधून सभासदवार लिटरची बेरीज करायची आहे. पायथन ३.१२, विंडोज ११. फाइल एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली. खालच्या सहा ओळी चालवल्या की कीएरर येतो, पूर्ण ट्रेसबॅक शेवटी दिला आहे. पहिला सभासद क्रमांक छापला जावा अशी अपेक्षा होती. स्पेलिंग तपासलं, बरोबर आहे. दुसरा कॉलम, म्हणजे फॅट, नीट वाचला जातो.’

बस. याला कितीसं इंग्रजी लागतं? दहावीच्या मुलाला जमेल अशी छोटी वाक्यं आहेत. मराठीत विचार करून लिही आणि मग भाषांतराचं साधन वापर, कुणाची हरकत नसते. फक्त कोड आणि एररचा मजकूर भाषांतरातून जाऊ देऊ नकोस, तो मूळ आहे तसाच ठेव.

विंडोज ११ कशाला लिहायचं, असं वाटेल. विंडोजवर एन्कोडिंग न सांगता हीच फाइल उघडली असतीस, तर ते अदृश्य चिन्ह सहसा तीन विचित्र लॅटिन अक्षरांच्या रूपात दिसलं असतं, आणि मराठी नावांचाही चुथडा झाला असता, किंवा फाइल वाचतानाच वेगळा एरर आला असता. लिनक्सवर तसं होत नाही. चूक एकच असली तरी लक्षणं दोन. आवृत्तीचंही तसंच. पायथनचे एरर ३.१० पासून बरेच बोलके होत गेलेत. तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव ‘रँडम डॉट पाय’ ठेवलंस आणि त्यामुळं मूळ रँडम लायब्ररी झाकली गेली, तर ३.१३ तुला नाव बदलायला सुचवतो. जुन्या आवृत्तीत नुसतंच ‘रँडममध्ये रँडइंट नाही’ असं काहीतरी येतं आणि माणूस डोकं धरून बसतो.

ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून कसा आला ते सांगणारा मजकूर, पूर्ण द्यायचा, पण वाचायचा खालून. पायथनमध्ये काय झालं ते शेवटच्या ओळीत असतं आणि कुठं झालं ते तिच्या वर. जावा भाषेत उलट, पहिली ओळ बघायची आणि मग खाली ‘कॉज्ड बाय’ शोधायचं. विचारण्याआधी सर्च करतानाही हीच ओळ घ्यायची, त्यातलं आपलं स्वतःचं नाव वगळून. ‘कीएरर सभासद’ जगात कुणाला आलेला नाही. ‘सीएसव्ही पहिला कॉलम कीएरर एक्सेल’ पुष्कळांना आलाय. एखादं जुनं उत्तर सापडलं पण लागू पडलं नाही, तर त्याची लिंक देऊन ‘हे करून बघितलं, असं झालं’ एवढं लिही. टेलिग्रामवरच्या त्या बहाद्दरालाही मग ‘गूगल कर’ म्हणायला जागा उरत नाही.

हे सगळं कुठं विचारतोस त्यावरही अवलंबून आहे. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये सुरू झालं तेच प्रश्नोत्तरांचा साठा करण्यासाठी. तिथं तुला शिकवायला कुणी बसलेलं नाही, तुझ्यानंतर येणाऱ्या वाचकाचा विचार आधी होतो. म्हणून तिथं नमस्कार-चमत्कार, आभार खोडले जातात. त्यात अपमान काही नाही. ‘डुप्लिकेट’ म्हणून प्रश्न बंद झाला तर ती शिक्षा समजू नकोस, तुला उत्तराचा पत्ता मिळालाय. ‘पायथन कुठून शिकू?’, ‘माझा कोड बरा आहे का?’ असले प्रश्न तिथं सहसा टिकत नाहीत. चालणाऱ्या कोडवर मत हवं असेल तर त्यांचीच कोड रिव्ह्यू नावाची वेगळी साइट आहे. मागंपुढं बोलत शिकायचं असेल तर फ्रीकोडकॅम्पचा मंच किंवा रेडिटवरचं लर्नप्रोग्रामिंग नवख्यांसाठी जास्त सोयीचं.

डिस्कॉर्डवर ‘कुणाला पायथन येतं का?’ असं विचारून थांबू नकोस. हो म्हटलं तर आपण कशात अडकणार हे कुणाला माहीत नसतं, म्हणून सगळे गप्प बसतात. थेट प्रश्न टाक. अनोळखी माणसाला खासगी मेसेज करू नकोस, उघड्यावर विचारलं की चुकीचं उत्तर दुसरा कुणीतरी दुरुस्त करतो. एकाच वेळी चार ठिकाणी टाकायचंच असेल तर प्रत्येक ठिकाणी बाकीच्या लिंक दे. एका ठिकाणी सुटलेल्या प्रश्नावर दुसरीकडं कुणीतरी रात्र घालवतोय, हे बरं नव्हे. आणि थोडी कळ काढ. आपल्याकडं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ असते, उत्तर देणारा कदाचित अजून ऑफिसच्या कामात असेल.

‘अर्जंट’बद्दल माझं मत जरा कडक आहे. उत्तर देणाऱ्यांना पगार नाही, आणि तुझं सबमिशन त्यांनी ठरवलेलं नाही. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावा, जरा बघ की, उद्या सबमिशन आहे’ चालतं, तिथं ओळख असते. परक्या ठिकाणी घाई दाखवली की प्रश्न घाईत लिहिलाय एवढंच कळतं. व्हॉट्सॲपवरही कोड टाकताना जपून, कारण तारा (*) आणि अंडरस्कोर (_) यांना ते जाड आणि तिरप्या अक्षरांची खूण समजू शकतं, आणि काही फोनचे कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात. ती वाकडी चिन्हं पायथनला चालत नाहीत. कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) टाकले की खुणांचा त्रास वाचतो. हीच युक्ती डिस्कॉर्ड आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरही चालते.

काही कॉलेजांत अजून टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या कंपायलरवर प्रॅक्टिकल होतात. तुझ्याकडंही तसं असेल आणि कधी सीचा प्रश्न विचारलास, तर ते पहिल्याच ओळीत सांग: ‘कॉलेजमध्ये हाच कंपायलर वापरावा लागतो.’ त्यात इंट, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढं जात नाही. हे न सांगता विचारलंस तर निम्मे लोक चक्रावतील आणि उरलेले फक्त कंपायलर बदल म्हणतील.

तुझ्या बाबतीत एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. त्या फोटोत सभासदांची खरी नावं आहेत, आणि मला वाटतं बँक खात्याचे आकडेही. सचिवांनी ते तुझ्यावर विश्वासानं दिलेत. प्रश्नात कायम खोटा डेटा घालायचा: सभासद १, सभासद २, खातं नकोच. पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रॅमला एखादी सेवा वापरू देणारी गुप्त किल्ली) चुकून गेली तर पोस्ट दुरुस्त करून भागत नाही, जुनी आवृत्ती एडिटच्या इतिहासात दिसत राहते. ती की लगेच रद्द करून नवी घ्यायची. तो फोटो आधी काढ आणि मॉडरेटरला कळव, बाकीचं नंतर.

चॅटजीपीटीला विचारावं का? विचार की. एररचा अर्थ समजून घ्यायला, इंग्रजी नीट करायला ते चांगलं आहे. पण अर्धवट प्रश्न दिलास तर तेही अर्धवटच उत्तर देईल. तुझ्या मूळ मथळ्यावर ते खुशाल ट्राय-एक्सेप्ट लिहून देईल, अशी मला दाट शंका आहे. कोड तिथून आला असेल तर प्रश्नात तसं लिही. स्टॅक ओव्हरफ्लोवर एआयनं लिहिलेली उत्तरं टाकायला डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा उद्या कुणाला मदत करायला गेलास तर हे लक्षात ठेव.

उत्तर आलं की करून बघ आणि सुटलं का ते लिही. आपल्या प्रश्नाखाली टिप्पणी करायला पॉइंट लागत नाहीत. अपव्होट (पसंतीचं मत) देता आलं नाही तरी उत्तरावर हिरवी टिक करता येते. त्यानं उत्तर देणाऱ्याला १५ पॉइंट मिळतात, तुला २. स्वतःच सोडवलंस तर उत्तरही स्वतःच टाक. नुसतं ‘झालं, थँक्स’ लिहून गेलास तर मागून येणाऱ्याला काय कळणार?

तिथले सगळेच लोक सज्जन आहेत असं माझं म्हणणं नाही. नवख्यांना आपली जागा परकी वाटते हे स्टॅक ओव्हरफ्लोनं २०१८ मध्ये स्वतःच जाहीरपणे मान्य केलं, आणि त्याच वर्षी नव्या लोकांच्या नावापुढं ‘नवीन योगदानकर्ता’ अशी खूण लावायला सुरुवात केली. तरी खवचट बोलणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. टिप्पणीत कामाचं काही असेल तेवढं उचल आणि प्रश्न दुरुस्त कर.

बंद झालेला प्रश्न पुसून नवा टाकायचा विचार करत असशील तर तसं करू नकोस. डाउनव्होट पडून पुसलेले प्रश्नही खात्याच्या हिशेबात धरले जातात आणि पुढं प्रश्न विचारायलाच बंदी येऊ शकते. तोच प्रश्न वरच्यासारखा दुरुस्त कर. दुरुस्त केलेला प्रश्न पुन्हा उघडायच्या तपासणीत जाऊ शकतो. बॉमबद्दल तिथं आधीच उत्तरं आहेत, त्यामुळं कदाचित डुप्लिकेट म्हणून पुन्हा बंद होईल. होऊ दे.

सबमिशन परवावर गेलंय म्हणतोस. मग आज फील्डनेम्सची यादी प्रिंट कर आणि जे येईल ते इथं खाली टाक, मजकूर म्हणून. रात्री दहापर्यंत मी आहे.